नाना, पुढच्या खोलीतला कापूस विकला

नाना, सगळ्यात आधी माझा मूर्खपणा सांगून टाकतो. तुम्ही असता तर तो संध्याकाळच्या आत सगळ्या असोदा गावात तुम्हीच पोचवला असता.

राख सावडून आम्ही नुकतेच परत आलो होतो. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या आणि गावातली माणसं बसायला येत होती. येणारा हात जोडायचा, मान खाली घालून बसायचा, थोड्या वेळाने 'चांगला माणूस गेला' म्हणून उठायचा. मीही, तुमच्या बहिणीचा नवरा, गावच्या जावयाला शोभेल असा चेहरा करून भिंतीला टेकलो होतो. एवढ्यात खेडा खरेदीवाले आप्पा आले. दारोदार फिरून कापूस घेणारा माणूस, त्या दिवशी बिचारा काटा आणि टेम्पो घरी ठेवून, पांढरी टोपी घालून आला होता. माझ्या शेजारी बसला, हात जोडले. आणि मी सवयीने, मला वाटलं हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आज काय भाव शे, आप्पा?"

तुमच्या दारात, नाना. तुमची राख अजून थंड झाली नव्हती.

आप्पा जमिनीकडे बघायला लागले. समोरच्या ओळीतला एक जण उगाच खाकरला. शेवटी तुमच्या शेजारचे म्हातारे आबा म्हणाले, "पाहुण्यांना कोणी चहा द्या रे, सकाळपासून उपाशी दिसू राहिले." माझी लाज अशी उपाशीपणावर ढकलली गेली. आत वहिनींनी ते ऐकलं असणार, कारण बायकांचं बोलणं एकदम थांबलं. मला मात्र त्या क्षणी वाटलं, आता ओट्यावरून तुमचं हसू ऐकू येईल. तुम्ही म्हणाल, "धुळ्याच्या माणसाला स्वर्गात नेलं तरी दारातच विचारील, भाव काय शे?"

हसू आलं नाही. आणि मग मी मागे वळून पुढच्या खोलीकडे पाहिलं.

ती खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती. दाराला आडवी फळी लावली होती, तिच्यावरून कापूस बाहेर डोकावत होता. त्या खोलीत तुमच्या आईला शेवटचं ठेवलं होतं, तुमच्या वडिलांना ठेवलं होतं. तुम्हाला मात्र ओट्यावर ठेवावं लागलं, आल्यागेल्याच्या चपलांशेजारी. दहा दिवसांचा दिवासुद्धा घरात लावता आला नाही. कापसाच्या घरात ज्योत नको हा तुमचाच नियम. बिडी ओढणाऱ्याला तुम्ही फाटकाबाहेर उभं करायचे. वहिनींनी दिवा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि वाऱ्याला आड म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा उभा केला. मी रोज संध्याकाळी तो पत्रा बघायचो आणि मनात म्हणायचो, हा पत्रा इथे माझ्यामुळे आहे.

तुमच्या गावाला हे माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं का, हेच मला कळत नाहीये. म्हणून लिहायला बसलोय.

लग्न होऊन तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही मला केळीच्या बागेत नेलं होतं. मी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहितो हे कळल्यावर म्हणाला होता, "म्हणजे आमचा कापूस तुमच्याकडे येऊन पांढरा होतो. इथून जातो तेव्हा आमच्या घामाने पिवळाच असतो." मला वाटलं, हा माणूस बाजाराबद्दल माझा सल्ला मागतोय. जिनिंगच्या ऑफिसात बसून बाजार कळतो असं समजणं म्हणजे दवाखान्याबाहेर चहा विकून डॉक्टर झाल्यासारखं आहे. पण ते समजायला मला वीसेक वर्षं लागली, आणि त्या सगळ्या वर्षांत मी तुम्हाला औषधं लिहून देत राहिलो.

तुमची पद्धत साधी होती. कापूस घरात आला की तुम्ही त्याचे मनातल्या मनात चार वाटे करायचे. पहिला दिवाळीच्या तोंडावर जायचा, मजुरी आणि सणासाठी. दुसरा संक्रांतीच्या सुमारास. तिसरा होळीच्या आधी. चौथा तेवढा राखायचा. त्याला तुम्ही 'हौसेचा वाटा' म्हणायचे. भाव चढला तर चढला, नाही तर हौस फिटली. मी विचारलं होतं, "नाना, भाव बघून का नाही विकत?" तुम्ही म्हणाला, "भाव पाहून विकायला बसलो तर रोज सकाळी विकायचं आणि रोज रात्री पस्तावायचं. मी झोप पाहून विकतो. ज्या वाट्याने झोप उडते तो काढून टाकायचा."

केळीचंही तेच. इतकी वर्षं एकच व्यापारी. बाजाराच्या बोर्डावर निघालेल्या भावापेक्षा तो थोडा कमीच द्यायचा. मी चिडायचो. "नाना, दुसरा जास्त देतोय, याला का?" तर तुम्ही म्हणायचे, "चढत्या भावात तर सगळेच जावई होऊन येतात. उतरत्या भावात याची गाडी येते घडांच्या कटाईला. तेव्हा तुमचा दुसरा कुठे असतो, सांगा."

आणि विमा. दर वर्षी केळीचा विमा तुम्ही मुदतीच्या आधी भरून मोकळे. थंडी नीट गेली, वारा आला नाही, की मी हटकून म्हणायचो, "गेला ना हप्ता पाण्यात?" तुम्ही माझ्याकडे असं बघायचे की जसं काही मी ताटातला घास बाहेर टाकला. "वादळ नाही आलं, त्याचं दुःख करू राहिले का तुम्ही?"

मग एका उन्हाळ्यात ते आलं. दुपारी आभाळ तांबडं झालं आणि अर्ध्या तासात निसवलेली बाग घडांसकट आडवी. मी जळगावातून, पिंप्राळ्याच्या घरून स्कूटर घेऊन आलो तेव्हा तुम्ही बांधावर बसला होता. मी काय बोलावं म्हणून शब्द शोधत होतो, तर तुम्हीच म्हणाला, "बरं झालं आले. फोटो काढा. विमा कंपनीला मुदतीत कळवायचं आहे, माझ्या फोनला इथे रेंज नाही." मी मोठ्या जबाबदारीने फोन काढला. पडलेली झाडं मागे, तुम्ही पुढे. आणि सगळ्या लग्नांत फोटो काढून हाताला लागलेली सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, इकडे बघा, जरा हसा."

आणि तुम्ही हसला. खरंच हसला, बाग आडवी पडलेली असताना. म्हणाला, "काढा दुसरा. हा पाहून विमावाले म्हणतील याचं नुकसान नाही झालं, लग्न झालं."

विम्याचे पैसे उशिरा आले, पूर्ण नुकसान भरून निघण्याइतके तर नाहीच, पण त्यातून पुढच्या लागवडीची रोपं आली. तो पहिला फोटो माझ्याकडे अजून आहे. तुमच्या तेराव्याला फोटो हवा म्हणून सगळ्यांनी शोधाशोध केली. मी तो दाखवला नाही. तुम्ही हसताय आणि मागे सगळं मोडलंय, हे लोकांना कसं समजावणार?

आता त्या वर्षाचं.

कापसाने सगळ्या खानदेशाला वेड लावलं ते वर्ष तुम्हाला आठवतच असेल. भाव चढत गेला, चढतच गेला. ज्यांनी घरात ठेवला त्यांच्या दारात नव्या मोटरसायकली उभ्या राहिल्या. तुमचे तीन वाटे तोवर तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे गेलेले होते. चौथ्याला काय तो खरा भाव मिळाला. तुम्ही त्यातही खूश होता. पण मी कुटुंबातला गोष्टी सांगणारा माणूस. मला आयती गोष्ट मिळाली होती.

पहिल्यांदा ती मी भुसावळला तुमच्या मावसभावाच्या साखरपुड्यात सांगितली. 'नानांचे चार वाटे.' नाना कापूस असा विकतात की जशी काही दवाखान्यातली गोळी, सकाळ-दुपार-संध्याकाळ. भाव दारात येऊन उभा राहिला आणि नाना त्याला म्हणाले, "उद्या ये, माझी झोपेची वेळ झाली." लोक पोट धरून हसले. तुम्हीही हसला. पुढच्या लग्नात फर्माईश झाली, "दाजी, नानांची गोष्ट होऊ द्या." प्रत्येक वेळी मी तिला एक नवा दागिना चढवत गेलो. तुमचा आवाज काढायचो, तुमच्यासारखी टोपी मागे सारायचो. एकदा तर, माझी गोष्ट रंगात आलेली असताना, तुम्ही उठून पाहुण्यांना पाणी मिळालं का ते बघायला गेला. मला ते दिसलं होतं, नाना. मी थांबलो नाही. हसणारे समोर होते ना.

तुम्ही मला एकदा तरी गप्प का बसवलं नाही? खरं तर मला माहीत आहे. जावयाला कोण गप्प बसवणार? तुमच्या घरात माझं ताट आधी वाढलं जायचं, माझ्यासाठी खाटेवर नवी चादर यायची, माझ्या बोलण्याला कधी कोणी 'नाही' म्हणायचं नाही. मला वाटायचं माझं म्हणणं पटतंय. लोक फक्त जावयाचा मान ठेवत होते.

मागच्या दिवाळीनंतर असोद्याला आलो आणि पुढची खोली पाहून उडालोच. एकही वाटा गेलेला नव्हता. तुम्ही दारात उभे, हाताची घडी घातलेली. "या वर्षी पाहू तुमच्या मनाप्रमाणे," म्हणाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एखादा किल्ला जिंकल्यासारखा मी कापसाच्या ढिगावर हात ठेवून फोटो काढून घेतला. परतताना सुमनला म्हणालो, "तुझ्या भावाला शेवटी बाजार कळला." ती रस्त्याकडे बघत होती.

त्यानंतर रोज सकाळी ऑफिसातून तुम्हाला भाव पाठवणं हा माझा नेम झाला. संक्रांत गेली. भाव होता तिथून थोडा खाली आला. मी लिहिलं, "थांबा." आणखी खाली आला. मी लिहिलं, "आता तर थांबायलाच हवं." तोवर कापूस वाळून वजनाला हलका होत चालला होता. साठलेल्या कापसातल्या बारीक किड्यांनी वहिनींच्या हातांना खाज सुटली होती. एकदा फोनवर म्हणाल्या, "भाऊ, घर मा कापूस शे आनि आम्ही ओटावर." वहिनी माझ्याच धुळ्याच्या बाजूच्या, माझ्याशी नेहमी अहिराणीतच बोलतात. मी त्यांना भावाचा आलेख समजावून सांगितला.

आणि मग तुम्ही शेवटचे घरी आला ते. पिशवीत भरताची वांगी, बिगरकाट्याची हिरवी, हातात टोपी. बसने आला होता, काही काम नसताना. तुम्ही कधी काम नसताना जळगावात येत नाही, हे मला समजायला हवं होतं. पाणी प्यायलात आणि म्हणाला, "पाहुणे, एक सांगायचं होतं." मी म्हणालो, "मलाही सांगायचंय, आधी माझं ऐका." आणि देशात कापसाच्या गाठी किती आहेत, परदेशात काय चाललंय, सूतगिरण्या काय करतायत, सगळं सांगितलं. चहा गार झाला. तुम्ही बशीत ओतून प्यायलात, कप खाली ठेवलात. "बराच अभ्यास आहे तुमचा," म्हणालात. मी म्हटलं, "तुमचं काय होतं?" तुम्ही म्हणाला, "काही नाही. वांगी आजच भाजा, उद्या मऊ पडतील."

ते काय होतं, हे मला वहिनींनी दहाव्यानंतर सांगितलं. चिडून नाही, साधं, भाकरी थापताना सांगावं तसं. तुम्ही मला सांगायला आला होता की उद्या दोन वाटे विकतोय. आप्पांना तसा निरोपही दिला होता. परत येऊन तो निरोप मागे घेतला. वहिनींनी विचारलं तर म्हणाला, "पाहुण्यांचं मन मोडवेना."

नाना, माझं मन! माझं मन असं काय मौल्यवान होतं की त्यासाठी तुम्ही ओट्यावर खाज घेऊन झोपला? एक शब्द बोलला असता. म्हणाला असता, "गप बसा हो, कापूस माझा आहे." मी रुसलो असतो, दोन सण जेवायला आलो नसतो, मग आलो असतो. त्याने काय बिघडणार होतं?

केळीचा विमा मात्र तुम्ही याही वर्षी काढलेला निघाला. वेळेवर, नेहमीसारखा. मला ते कळलं तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. विम्याची मी कधी गोष्ट केली नव्हती. म्हणून तो तेवढा वाचला.

तेरावं झालं. पुढची लागवड समोर आहे, तिचा खर्च त्या खोलीत अडकलेला. आप्पा पुन्हा आले, या वेळी काटा आणि टेम्पो घेऊन, पण अंगणात शिरले नाहीत, रस्त्यावर उभे राहिले. वहिनींनी मला ओट्यावर बोलावलं. डोक्यावरचा पदर नीट करून, घरातल्या वडीलमाणसाला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, कापूस इकाना शे का?"

नाना, मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. मला कळत होतं, मी जे म्हणेन ते होईल. मी 'थांबा' म्हटलं तर या बाई आणखी चार महिने त्या खोलीपुढे फळी लावून बसतील. मी 'विका' म्हटलं आणि उद्या भाव चढला, तरी मला एक शब्द बोलणार नाहीत. तोंडात आलेला अंदाज मी गिळला. म्हणालो, "वहिनी, मला विचारू नका."

"मंग कोणले इचारू?"

मी तुमचंच उत्तर दिलं. म्हटलं, "नाना म्हणायचे, ज्या वाट्याने झोप उडते तो काढायचा."

वहिनींनी खोलीकडे पाहिलं. म्हणाल्या, "झोप ते तशीबी नही. बठ्ठाच इकी टाका." सगळाच, नाना.

मग रस्त्याकडे तोंड करून त्यांनी स्वतःच आप्पांना हाक मारली. मी चपला घालायला उठलो तर म्हणाल्या, "तुम्ही बसा, भाऊ. काटा मी देखस." भावावर त्यांनी अशी काही घासाघीस केली की आप्पा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "अक्का, एवढं तर नानाही नव्हते ओढत." "नाना ओढत नव्हते म्हणून तर तुम्ही जाडे झाले," वहिनी म्हणाल्या. अंगणात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मला वाटतं तो मीच होतो.

भाव तुम्हाला सांगत नाही. तुम्ही दिवाळीत विकला असता त्याच्या खालीच होता, एवढं पुरे. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. वहिनींनी झाडून घेतली, शेणाने सारवली आणि तुमचा फोटो आत नेऊन ठेवला. मी दाराच्या आत पाय टाकला नाही.

घरी आलो तर नुसतं ओट्यावर बसूनही माझ्या सगळ्या कपड्यांना कापूस चिकटलेला. सुमन गॅलरीत शर्ट झटकत होती, धाग्याधाग्याने कापूस वेचत होती. तुमची बहीण हे सगळे दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. साखरपुड्यातली गोष्ट, तुमचं पाणी विचारायला उठणं, गार झालेला चहा. म्हटलं, मी ती गोष्ट पुन्हा कधी सांगणार नाही. म्हटलं, नाना माझ्यामुळे तो ढीग उरावर घेऊन गेले.

ती वेचत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल, असू द्या. ती म्हणाली, "भाऊबीजेला ओवाळताना नानाने मला कानात सांगितलं होतं, 'सुमे, यंदा बठ्ठा ठेवतोय. मलाही एकदा पाहू दे, श्रीमंत कसं होतात ते.' असा हसत होता! लहानपणी चोरून पेरू आणायचा तेव्हा हसायचा, तसा. तुमच्या गोष्टीत आधी तो वेडा होता, आता तुम्ही पापी झालात, म्हणजे दोन्हीकडे मधोमध तुम्हीच. माझ्या भावाला जन्मात एकदा हाव सुटली होती. ती त्याची होती. तेवढी तरी त्याच्याकडून काढून घेऊ नका."